बंगल्याचं सुतक

आमच्या आळीत कोणाकडे मयत झालं, की त्या घरी पहिलं जेवण कोणी न्यायचं यावरून बायकांमध्ये चुरस लागे. उघड भांडण होत नसे. पण विहिरीवर कळशी जरा जोरात आपटली जाई, आणि ‘आमचा भात कधीचा झालाय, पन लोकांना पुढं जायची घाई,’ असं कोणीतरी कोणाकडेही न बघता बोले. रिवाज असा होता, की सुतकाच्या दहा दिवसांत त्या घरातून फोडणीचा वास येता कामा नये. म्हणून आळीतली घरं पाळीपाळीने दुपारचं जेवण पोचवत. भात, बिनफोडणीचं वरण, कच्च्या केळ्याची उकडलेली भाजी. जेवण मागच्या दाराने न्यायचं, सैपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवायचं. भांडं आपण होऊन मागायचं नाही. त्या घरचं माणूस ते रिकामं करून बाहेरच्या पायरीवर ठेवतं, आपण संध्याकाळी उचलून आणतो, राखेने घासतो आणि मगच घरात घेतो. एरवी आमच्याकडे शेजारचं भांडं कधी रिकामं परत जात नसे. काही नाही तर चिमूटभर साखर, चार मोगऱ्याची फुलं तरी त्यात पडत. भांडं रिकामं जाई ते फक्त सुतकाच्या घरातून.

ईशान आणि तारा, हे सगळं तुम्हाला आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते या रिवाजाशिवाय कळणार नाही. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा ताराने माझं गोखिवऱ्याहून करून आणलेलं लोखंडी कपाट उघडलं आणि ओरडली, ‘आजी, ही सगळी खुनाची पुस्तकं?’ सगळीच्या सगळी, आणि नीट लावलेली. सर्वांत वरच्या खणात श्रीमंत घरातले खून. भावाने भावाचा केलेला, सुनेने सासऱ्याचा, पुतण्याने काकूचा. सगळे खरे, कोर्टात चाललेले. कल्पनेतले खून मी वाचत नाही, त्यांत सगळं फार सोयीचं असतं. तेव्हा मी तुला म्हणाले, की ती वाचली की मला झोप छान लागते. तेही खोटं नाही. पण पहिलं पुस्तक माझ्या हातात कोणी दिलं ते सांगायचं राहिलं.

ते आप्पांनी दिलं. आप्पा म्हणजे बंगल्याचे मालक. आगाशीहून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची आळी होती, आणि आळीच्या टोकाला बंगला. बाकीच्यांची घरं होती, त्यांचा बंगला होता. मागे केळीची आणि पानवेलीची मोठी वाडी, वाडीच्या मधोमध बावखल. पावसाचं पाणी साठवून वर्षभर शिंपणं करायचं तळं म्हणजे बावखल. त्याच्या काठावरच्या रहाटाची कुरकुर पहाटे आमच्या घरात ऐकू येई, आणि आई म्हणे, ‘उठा, श्रीमंत उठले.’ बंगल्यात चारच माणसं. आप्पांनी लग्न केलं नव्हतं. मधले भाऊ लवकर वारले, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, आणि काकूंची मुलगी कुमुद, माझ्याच वर्गातली. धाकटे भाऊकाका लहानपणापासून मुंबईला शिकायला ठेवलेले, तिथेच नोकरी करून राहिलेले. ते शनिवारी येत, रविवारी संध्याकाळी जात. त्यांची विजार कडक इस्त्रीची असे आणि वाडीत जाताना ते ती चिमटीत धरून वर घेत.

कुमुदचा मला हेवा वाटे, आणि तो कशाकशाचा वाटे ते सांगायला हे प्रकरण पुरणार नाही. त्यांच्याकडे बर्फ करणारं कपाट होतं. आई म्हणे, ‘बरफाचं पानी प्यालं की तिशीत दात पडतात,’ आणि मग काकूंनी पाठवलेला बर्फाचा तुकडा स्वतः सगळ्यात शेवटपर्यंत चघळत बसे. नन्सच्या इंग्रजी शाळेत आम्ही दोघीच आळीतून जात होतो. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि मुलीने इंग्रजी शिकायचंच या हट्टाने त्यांनी मला तिथे घातलं होतं. कुमुदला घातलं होतं कारण बंगल्यातल्या मुलीला दुसरीकडे कुठे घालणार. टांगा बंगल्याचा, म्हणून ती पुढे टांगेवाल्याशेजारी बसे आणि मी मागे, रस्त्याकडे तोंड करून. त्यामुळे अर्नाळ्याचा तो रस्ता मला अजून उलटाच आठवतो, पुढून येणारा नाही, मागे मागे जाणारा. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आधी येई आणि बोंबील नंतर दिसत. इंग्रजी निबंध मात्र ती माझा बघून लिही. तेवढ्या एका गोष्टीत मी पुढच्या सीटवर होते.

आणि आप्पांच्या बाबतीत. आप्पांकडे खटल्यांच्या इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट होतं. विलायतेतली मोठमोठी घराणी, त्यांच्यातले खून, साक्षी, उलटतपासण्या. कुमुद त्यांना हात लावत नसे. मी दर रविवारी एक परत करून दुसरं नेई. आप्पा ओटीवर सुपारी कातरत विचारत, ‘काय शालिनीबाई, कोणी मारलं?’ मी सांगे. ‘कशावरून?’ हा त्यांचा दुसरा प्रश्न, आणि तोच खरा. मी म्हणे, तो माणूस दुष्टच दिसतो. ते म्हणत, ‘दुष्ट तर तुझी आईही दिसते मला बघून. कशावरून ते सांग.’ एकदा ते म्हणाले, या सगळ्या श्रीमंत लोकांचं एकच चुकतं, आपल्याच घरात काय कुठे ठेवलेलं असतं ते त्यांना ठाऊक नसतं, ते नोकरांना ठाऊक असतं. हे मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं होतं.

आप्पा स्वतः मात्र तसे नव्हते. गडीमाणसं असूनही लोंगर, म्हणजे केळीचे घड, ते स्वतः उतरवत. केळीचा घड कापला की त्याच्या देठातून पाण्यासारखा चीक गळतो. तो कपड्यावर पडला की आधी काही दिसत नाही, वाळला की काळाकुट्ट डाग पडतो, आणि मग तो साबणाने, लिंबाने, कशानेही जात नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घरात मागच्या दाराशी एका खुंटीवर चिकाचे कपडे टांगलेले असत. वाडीत कोयता घेऊन जायचं तर ते घालायचे. लहान पोरालाही हे सांगावं लागत नसे. आप्पांची एक खाकी अर्धी चड्डी होती, डागांनी इतकी काळी झालेली, की काकू म्हणत, ‘उभी केली तर एकटी वाडीत जाऊन येईल.’

मार्गशीर्ष सरत आला होता. आळीभर मांडवांवर राजेळी केळी सोलून वाळत घातलेली होती, सुकेळ्यांचे दिवस होते. त्या दिवसांत हवाच गोड होते, माशा आणि मुलं दोन्ही मांडवाखालून हलत नाहीत. अशा एका सकाळी बंगल्यातून ओरडा आला. आप्पा बावखलात पडलेले सापडले. भाऊकाका त्या दिवशी तिथेच होते, सोमवार असूनही मुंबईला परतले नव्हते. त्यांनी सांगितलं, आप्पा पहाटे लोंगर कापायला गेले, काठावर पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं. पोलीस ठाण्यावरून फौजदार आला. तो घाटावरचा होता, त्याने काठ बघितला, दगड बघितला, चहा घेतला, आणि अपघात असं लिहून गेला.

आप्पांना ओटीवर आणून ठेवलं होतं. पांढरं धोतर अंगाला चिकटलेलं. इतके खटले वाचलेली मी तिथे उभी होते आणि मला काही दिसलं नाही, कारण मी आप्पांकडे बघतच नव्हते, कुमुदकडे बघत होते. तिच्याभोवती बायकांचं कोंडाळं होतं. कोणी तिची पाठ चोळत होतं, कोणी पाणी पाजत होतं. माझी पाठ कोणी चोळत नव्हतं. आप्पा तिचे काका होते, माझे कोणी नव्हते. ती दहा दिवस शाळेत येणार नव्हती. मी दुसऱ्या दिवशी गेले, चालत, आणि सिस्टरनी विचारलं, तुझा चेहरा असा का? मी सांगितलं, मैत्रिणीचे काका गेले. सिस्टर म्हणाल्या, तिला माझं सांत्वन कळव. ते ऐकून मला इतका राग आला, की मी ते कधीच कळवलं नाही. आजही मला वाटतं, दुःख कोणाला द्यायचं हे वाटून ठरवताना नात्यापेक्षा दुसरं काही माप असायला हवं होतं.

आमची पाळी आली तेव्हा आईने पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं होतं. बंगल्यात जाणारं जेवण. पेरूच्या झाडाखालचं चूल-वाईन, म्हणजे बाहेरची जोडचूल, सारवून घेतलं, जुना कोलम तांदूळ काढला, आणि तिच्या माहेरून आलेला मोठा पितळी डबा चिंचेने घासून लख्ख केला. त्याच्या झाकणावर नाव कोरलेलं होतं, सौ. यमुना. नाव बाहेरच्या बाजूला येईल असं तिने तो माझ्या हातात दिला.

‘आत गेलीस की बघ, काशीकाकीनं काल काय नेलं होतं.’

‘ते मी कसं बघू?’

‘नाक दिलंय ना देवानं? आनि रेंगाळू नको. आनि भाऊ कसा वागतो ते पन बघ.’

‘म्हणजे रेंगाळू की नको?’

‘शाळेत घातली तेव्हाच मी ह्यांना म्हनाले होते,’ आई म्हणाली, आणि मला दाराबाहेर काढलं.

बंगल्याच्या मागच्या दाराशी खुंटी होती, आणि खुंटीवर आप्पांची खाकी चड्डी होती. मी डबा धरून उभी राहिले. पांढरं धोतर, ओलं, ओटीवर, एकही डाग नसलेलं, सगळं मला तेव्हा दिसलं. ‘कशावरून?’ असं कोणीतरी माझ्या कानाशी म्हणाल्यासारखं झालं. ईशान, माणूस गेला त्याच्या घरात उभं राहून असा आनंद होऊ नये. पण मला झाला. मला ते सापडलं होतं. पुस्तकातल्या कोणा इन्स्पेक्टरला नाही, मला.

मधल्या खोलीतून भाऊकाकांचा आवाज येत होता. अग्नी त्यांनी दिला होता, म्हणून ते वेगळ्या चटईवर बसून भेटायला येणाऱ्यांशी बोलत. मुंबईहून कोणी पाहुणे आले होते. भाऊकाका त्यांना सांगत होते, ‘आप्पांची शेवटची इच्छा. आमची कुमुद जूनमध्ये मुंबईला कॉलेजात जाणार. हॉस्टेलची सगळी सोय मी करतोय. बी.ए. करूनच तिला घरी आणीन.’

हॉस्टेल! माझं त्या वेळी काय ठरलं होतं, तर वसईतच एखादं कॉलेज निघालं तर बघू. मी आप्पांची पुस्तकं वाचली, निबंध मी लिहिले, आणि कॉलेजात कुमुद जाणार. हातातला डबा मला एकदम जड झाला. तेवढ्यात ती सैपाकघरात आली, डोळे सुजलेले, आणि हात पुढे केले.

‘कुमे,’ मी म्हणाले, ‘आप्पांची चड्डी खुंटीवरच आहे.’

तिने तिकडे बघितलं नाही. ‘असू दे.’

‘लोंगर कापायला धोतर नेसून कोन जातं?’ शाळेत कष्टाने कमावलेला माझा ण त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

‘हळू बोल.’

‘हळूच बोलतेय. भाऊकाकांना ठाऊकच नसेल, म्हणून तसं सांगितलं. ते कधी वाडीत गेलेत? पण आप्पा लोंगर कापायला गेलेच नव्हते. मग कशाला गेले होते? आणि कोणाबरोबर?’

‘हे तुला पुस्तकात सापडलं का?’

‘खुंटीवर सापडलं.’

तिने मधल्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, ‘मी कॉलेजात जाणार हे ऐकून तुझ्या पोटात दुखलं, म्हणून बोललीस ना?’

‘हो,’ मी म्हणाले. हे ‘हो’ तोंडातून कसं निघालं ते मला ठाऊक नाही. ‘पण चड्डी आहे ना तिथं?’

मधल्या खोलीत कोणीतरी खोकलं. कुमुदने माझ्या हातातून डबा घेतला. ‘जा तू आता. डब्याचं मी बघते.’

मी चुकले असं मी इथे लिहिणार नाही. जे बोलले ते खरं होतं. ते कशासाठी बोलले तेही खरं होतं. दोन्ही खरी होती एवढंच, आणि त्याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

संध्याकाळी आईने डबा आणायला पाठवलं. पायरीवर डबा नव्हता. मी परत फिरले, तर बंगल्याच्या पुढच्या फाटकातून कुमुद बाहेर येताना दिसली, पायांत चपला, हातात आमचा डबा, झाकण घट्ट दाबून धरलेलं. आळीतल्या बायका दारादारांत उभ्या राहिल्या. सुतकातल्या घरचं माणूस डबा पोचवायला आलेलं आमच्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं. तसं करतच नाहीत. मी हात पुढे केला. तिने डबा दिला नाही. माझ्या शेजारून, आमच्या घरावरून, ती तशीच सरळ मोठ्या रस्त्याला लागली. ओटीवर भाऊकाका बसले होते, त्यांनी तिला जाताना बघितलं आणि पुन्हा पाहुण्यांशी बोलू लागले. घरची पोरगी शेजारणीचा डबा परत द्यायला चाललीय, यात मुंबईत वाढलेल्या माणसाला काय वावगं दिसणार? हा रिवाज ठाऊक असता तर तिला फाटकातच थांबवली असती. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना रिवाज ठाऊक होता. मुलगी कशी चालली आहे ते बघून त्यांना बाकीचंही कळलं असणार. त्या एवढंच म्हणाल्या, ‘उन्हं अजून आहेत गं. पदर घे डोक्यावर.’

डब्यात चड्डी होती. घडी घालून, वर केळीचं पान झाकून, तिने ती ठाण्यावर नेली आणि फौजदाराच्या टेबलावर उघडली. नुसत्या चड्डीने कोणाला शिक्षा होत नाही. पण चड्डीमुळे फौजदार परत आला, आणि या वेळी त्याने चहा घेतला नाही. मग बाकीचं निघत गेलं. समुद्राकडची वाडी भाऊकाकांनी एका शेठला विकायचं आधीच कबूल केलं होतं, आप्पा सही करत नव्हते, रात्रभर भावाभावांची बोलाचाली झाली होती, पहाटे दोघं बोलत बोलत बावखलापर्यंत गेले होते, आणि परत एकटे भाऊकाका आले होते. खटला चालला. भाऊकाकांना जन्मठेप झाली.

आमचा डबा मुद्देमाल म्हणून जमा झाला. आईला आधी वाटलं, नाव बुडालं, सौ. यमुना कोर्टात गेली. मग काशीकाकी एकदा विहिरीवर म्हणाली, ‘नशीब एकेकीचं, आमची भांडी मेली चुलीवरच राहिली,’ आणि तेव्हापासून आई आल्यागेल्याला डब्याची हकिगत सांगू लागली. भांडी लावताना मात्र म्हणे, ‘माझा डबा त्यांच्याकडं राहिला.’ मरेपर्यंत म्हणत होती.

बंगल्याला कुलूप लागलं. काकू कुमुदला घेऊन बोर्डीला भावाकडे गेल्या. मामांनी सांगितलं, पोरीने जेवढं शहाणपण दाखवायचं तेवढं दाखवून झालंय, आता शिक्षण पुरे. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न लागलं. कॉलेजात मी गेले. वडिलांनी कशी व्यवस्था केली ते दुसरीकडे लिहिलं आहे. आणि कॉलेजात पहिल्या दिवसापासून मला एकच प्रश्न, ‘तू त्या खुनाच्या गावची ना? ती मुलगी तुझी मैत्रीण?’ मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, आणि अर्ध्या तालुक्याला मी ठाऊक होते ती डबेवाल्या कुमुदची शेजारीण म्हणून. खुंटी मी बघितली होती. पण न्यायाधीशांपुढे ती उभी राहिली. माझं नाव कोणी विचारलंच नाही, आणि तिने सांगितलं नाही.

बंगला आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे आणि बावखल बुजवून गाड्या लावायची जागा केली आहे. यंदा दिवाळीत तुमच्या बाबाने फोन करून विचारलं, आई, ही तुझ्याच गावची केस ना, इथे मराठी मंडळात सगळे वाचतायत. कुमुदने पुस्तक लिहिलं होतं. पंचाहत्तरीनंतर, निबंध माझा बघून लिहिणाऱ्या कुमुदने. मी मागवलं. नेहमीप्रमाणे ते कुरियरवाल्यांच्या कामणच्या गोदामात दोन दिवस पडून राहिलं आणि त्या दोन दिवसांत मी कपाटाचा वरचा खण दोनदा लावला. आलं, तेव्हा आधी मी माझं नाव शोधलं. नव्हतं. फोटो होते. आप्पा, बंगला, आणि एका पानभर आमचा डबा. झाकणावर सौ. यमुना. माझ्या आईचा डबा तिच्या पुस्तकात! पुस्तक मी उलटं ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

मग वाचलं. ते चांगलं आहे. हे लिहायला मला तीन वेळा पेन उचलावं लागलं. त्यात एका ठिकाणी आहे, की चड्डी तिला पहिल्याच सकाळी दिसली होती, माझ्या कितीतरी आधी. जाता-येता दिसत होती. तिने ठरवलं होतं, गप्प बसायचं आणि कॉलेजात जायचं. पुढे वाक्य आहे: ‘शेजारची मुलगी बोलली नसती, तर मी बी.ए. झाले असते आणि जन्मभर त्या खुंटीखाली जेवले असते.’

ते वाक्य मी वहीत उतरवून काढलं, एखादा शब्द हलवता येतो का बघितलं. येत नाही. मग तिला फोन लावला. ती आता पालघरला मुलीकडे असते.

‘शाले, वाचलंस की चाळलंस?’ आवाज ओळखूनच तिने विचारलं.

‘वाचलं. ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यायला हवं होतंस कोणाकडून.’

‘मास्तरीण! अजून काय?’

‘माझं नाव का नाही?’

‘घातलं असतं तर मग पोटात दुखल्याचंही घालावं लागलं असतं. माझ्या पुस्तकात मी अर्धवट लिहीत नाही. ते तुझं आहे. तूच लिही कुठंतरी.’

मी डब्याच्या फोटोचं पान उघडलं. मग म्हटलं, ‘आईचा डबा दे.’

‘घेऊन जा की. कोर्टातून सुटला तेव्हापासून माझ्याकडंच आहे. नातू विरारला यायचाय, त्याच्याबरोबर देते. पण एक सांग मला, तू शिकलेली आहेस.’ आता तिचा आवाज खाली आला. ‘सुतकाच्या घरातलं भांडं रिकामं जातं. आमचं सुतक फिटलं का गं? भरून देऊ की रिकामा?’

हे ठरवणाऱ्या बायका आता राहिलेल्या नाहीत. काशीकाकी नाही, आई नाही, आळीसुद्धा नाही. उरलो आम्ही दोघी, आणि मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. तरी मला वेळ लागला.

‘भरून दे,’ मी म्हणाले.

रविवारी तिचा नातू डबा देऊन गेला. मी तो राखेने घासला नाही, दाराबाहेरही ठेवला नाही, तसाच आत आणून टेबलावर उघडला. आत सुकेळी होती, वाळल्या केळीच्या पानात एकेक बांधलेली, सोपटाच्या दोरीची गाठ घट्ट मारलेली. तिने स्वतः वाळवली होती, या वयात. एक सोडून मी खाल्लं. आई करायची त्यापेक्षा चांगलं होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.